मदत हवी आहे: क्लच हब धरायचं टूल घरी बनवलंय का कुणी?

मंडळी, बाइकचं इंजिन खाली उतरवून टेबलावर घेतलंय, त्यामुळे गिअर टाकून मागचा ब्रेक दाबून ठेवायचा उपाय चालत नाही. क्लचचा मधला नट सोडवायला जोर लावला की हबच (क्लचच्या प्लेट ज्यावर बसतात तो मधला खाचांचा भाग) फिरतं. इम्पॅक्ट रेंचने (झटके देऊन नट फिरवणाऱ्या टूलने) तो सुटेलही, पण बसवताना टॉर्क रेंच (ठरावीक जोराने नट आवळायचा पाना) वापरायचा तर हब घट्ट धरावंच लागणार.

माझा विचार असा: क्लचच्या जुन्या स्टील प्लेटला लांब लोखंडी पट्टी वेल्ड करायची, म्हणजे प्लेटचे आतले दात हबच्या खाचांत बसतील. भीती एवढीच की हब ॲल्युमिनियमचं आहे. एकाच पातळ प्लेटवर सगळा जोर आला तर खाचा चेपतील. दोन-तीन प्लेट एकावर एक वेल्ड केल्या तर पुरेल का? की वेल्डिंगच्या उष्णतेने प्लेट वाकून बसणारच नाहीत?

मॅग्नेट पुलर (इंजिनचं मॅग्नेट, म्हणजे चुंबक असलेलं फ्लायव्हील, ओढून काढायचं टूल) मात्र घरी बनवणार नाही, आणि हातोडीने ठोकून मॅग्नेट तर मुळीच काढणार नाही. पुलर कुणाकडून उसना मिळाला तर हवाय. पुलर ज्यात फिरवून बसतो त्या मॅग्नेटच्या आतल्या आट्यांचं माप आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) नेमकं कसं मोजता? साधा व्हर्नियर आहे, पिच गेज नाही.