म्हणे हसतमुखाने कामाला जा!

रात्रपाळी
जय ख्रिस्त मंडळी. कालची ती पोस्ट सगळीकडे फिरतेय: ‘ख्रिस्ती माणूस तोंड पाडून कामाला गेला की त्याची साक्ष गेली. भांडी घासा नाहीतर फाइली उपसा, पण हसतमुखाने. कलस्सै ३:२३.’ (बायबलमधल्या कलस्सैकरांच्या पत्रातलं वचन: जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून मनापासून करा.) खाली आमेनची रांग. मला राहवलं नाही.

मी नर्स आहे. पहाटे अंथरूण ओलं झालेल्या आजोबांना कुशीवर वळवून चादर बदलते, तेव्हा ते लाजेने भिंतीकडे तोंड करतात. तिथे मी हसत उभी राहू? त्यांना एवढंच हवं असतं की माझे हात गार नसावेत आणि मी घाई करू नये. तेवढं मी सांभाळते. ओठांचा हिशेब कोण ठेवतंय?

आणि वचन टाकायचंच तर एक ओळ मागे जा. ३:२२ दासांना उद्देशून आहे. राजीनामा देणं ज्यांच्या हातातच नव्हतं, त्यांना. पुढे ४:१ मालकांना बजावतं की न्यायाने वागा, तुमचाही धनी स्वर्गात आहे. ती ओळ कुणी फुलांच्या चित्रावर छापलेली पाहिलीय?

पोस्टकर्ता
ताई, उगाच अंगाला लावून घेतलंत. आनंद आतला असतो. हेच वचन लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला आनंद करा म्हणून लिहिलं ते बंदिवासातून. तुमची रात्रपाळी त्याहून वाईट आहे का?

हिशेबनीस
त्याच पौलाला फिलिप्पैत चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं आणि मग गुपचूप सोडायला निघाले, तेव्हा तो मुकाट गेला नाही. मी रोमी नागरिक आहे, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावं म्हणाला. प्रेषितांची कृत्ये १६ वाचा. रात्री स्तोत्रं गाणारा आणि सकाळी जाब विचारणारा एकच माणूस.

माझा आधीचा मालक ख्रिस्ती. कामाआधी रोज प्रार्थना, भिंतीवर हेच ३:२३ चौकटीत. पगार मात्र महिनोन्महिने थकलेला. विचारलं की म्हणायचा, आपण प्रभूसाठी राबतो ना? मी याकोब ५:४ काढून दाखवलं, मजुरांची अडकवलेली मजुरी ओरडते ते. तेव्हापासून माझ्यात ‘कटुतेचा आत्मा’ शिरला!

सुतारदादा
एक मालक लबाड निघाला म्हणून वचन खोटं ठरत नाही. एदेन बागेची मशागत उत्पत्ती २:१५ मध्येच सांगितली, पापाच्या आधी. घाम गाळणं तिसऱ्या अध्यायात आलं. तुम्ही कामच शाप असल्यासारखं बोलताय. १७व्या शतकातला पॅरिसचा ख्रिस्ती मठवासी ब्रदर लॉरेन्स मठाच्या स्वयंपाकघरात राबून देवाच्या सान्निध्यात राहिलाच ना?

रात्रपाळी
राहिला. पण स्वयंपाकघराचं काम त्याला मुळात नावडतं होतं, हेही त्याच्या संभाषणांच्या टिपणांत आहे. नावडलं तरी केलं, देवाशी बोलत केलं. माझं दुसरं काय म्हणणं आहे? या पोस्टमध्ये नावडायची सोयच नाही.

पोस्टकर्ता
बरं, लॉरेन्स तुमचा. पण येशू घरी आला तेव्हा दोन बहिणींपैकी एक कामात गुंतून कुरकुरली, दुसरी त्याचं ऐकत बसली. शेवटी कुरकुरणारी मार्था व्हायचं की प्रभूच्या पायाशी बसणारी मरीया, हे आपणच ठरवायचं.

पाळकांची सून
आली मार्था! वाटच बघत होते. लूक १० मध्ये येशूने तिला काम टाकून दे म्हटलेलं नाही, काळजी आणि दगदग यांबद्दल बोलला. योहान १२ मध्ये ती पुन्हा वाढतेच आहे, कुणी टोकलं नाही. आणि योहान ११:२७ मध्ये ‘तू ख्रिस्त आहेस’ ही कबुली तिचीच. त्यावर उपदेश ऐकला नाही कधी. ‘मार्था होऊ नका’ मात्र पाठ झालाय, आणि तो संपला की कपबशा आम्हीच विसळतो.

सुतारदादा
सिस्टर, विषय नोकरीचा चाललाय.

पाळकांची सून
म्हणजे बिनपगारी असलं की ते काम नव्हे, ‘सेवा’! मग ती आनंदानेच करायची, तक्रार केली की वृत्ती वाईट.

जुना करार
पुरुषही राबतात. खुर्च्या कोण उचलतं?

पाळकांची सून
खुर्च्या झटक्यात उचलून होतात भाऊ, आणि पुढून आभारही मानले जातात.

जुना करार
मरीयेने चांगला वाटा निवडला हे खुद्द येशूचे शब्द आहेत. ते खोडणार का आता?

पाळकांची सून
खोडत नाही, मागतेय. तो वाटा मलाही द्या. रविवारी शास्त्राभ्यासाला मी बसते, मोरीपाशी तुम्ही उभे राहा.

सुतारदादा
भांडा तुम्ही. मी एवढंच सांगतो. रंधा नीट लागून ड्रॉवर न अडकता आत सरकला की मला मनापासून बरं वाटतं, आणि तोंडातून ‘देवा, धन्यवाद’ निघतं. गिऱ्हाईक बघत नसतं तेव्हाही. हे ढोंग नाही. तुम्हा शिकलेल्यांना आनंद म्हटलं की लगेच संशय.

रात्रपाळी
दादा, तुमच्यावर संशय नाही. तुम्ही तो आनंद दुसऱ्याला हुकूम म्हणून पाठवत नाही. १ राजे १९ मध्ये संदेष्टा एलीया मरण मागून झुडपाखाली झोपला. देवदूताने खाऊ घातलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. तोंड का पाडलंस, हे विचारलं नाही. निघते, ड्यूटी आहे.

पोस्टकर्ता
ठीक. ‘हसतमुखाने’ काढतो, खाली ४:१ जोडतो. आमच्या मंडळीतले मालकलोक चिडले तर त्यांना तुमच्याकडे पाठवीन.

हिशेबनीस
खुशाल पाठवा. माझ्या जुन्या मालकाला पहिला पाठवा.

पाळकांची सून
आणि मोरीचं काय ठरलं?

जुना करार
रविवारी बघू.

पाळकांची सून
बघू नाही. नाव लिहा इथे.