मदत हवी आहे: 'गद्य' नेमके कशाला म्हणायचे?

एका हस्तलिखित अंकासाठी आलेले साहित्य गद्य आणि पद्य अशा दोन विभागांत लावतेय. कथा, पत्रे, प्रवासवर्णन, भाषण यांचा प्रश्नच नाही. अडलंय ते दोन लेखनांपाशी.

एकात ओळी कवितेसारख्या तोडल्यात, पण छंद नाही, यमक नाही. सलग लिहिले तर साधा परिच्छेदच होतो. दुसरे उलट: परिच्छेदात लिहिलेले, पण वाचताना लय ठेक्यात येते आणि वाक्यांच्या शेवटी यमकही जुळते.

'गद्' म्हणजे बोलणे, म्हणून बोलल्यासारखे लिहिलेले ते गद्य, हे माहीत आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने 'काव्यादर्श' या ग्रंथात गद्य, पद्य आणि मिश्र असे काव्याचेच तीन प्रकार सांगितलेत; म्हणजे त्याच्या लेखी गद्यही काव्य असू शकते. मग 'गद्य की काव्य?' हा प्रश्नच चुकीचा ना? मला तरी तसे वाटते. (एखाद्या रुक्ष माणसाला आपण 'फारच गद्य' म्हणतो, हा बिचाऱ्या गद्यावर अन्यायच!)

पहिले मुक्तछंद म्हणून पद्यात घालावे का? दुसऱ्याला 'गद्यकाव्य' म्हणणे योग्य ठरेल? संपादनाचा अनुभव असणाऱ्यांनी कारणासहित सांगावे, कारण लेखकांना उत्तर मलाच द्यायचे आहे.