विमानाचं दार ‘आर्म’ करणं: मराठीत काय म्हणावं?

बारामती, सातारा, पंढरपूरकडून केबिन क्रू व्हायला आलेल्या मुलींना मी पुण्यात, विमाननगरला शिकवते. घोषणा इंग्रजीतच पाठ कराव्या लागतात, पण अर्थ मराठीत पटला की हात चुकत नाही, म्हणून मराठी टिपणं काढते आहे. ‘आर्म डोअर्स अँड क्रॉसचेक’पाशी अडले. एकीने ‘दारे सशस्त्र करा’ लिहिलं. लोहगावला शेजारीच हवाई दलाचा तळ आहे, तिथे तर या शब्दाचा भलताच अर्थ होईल.

क्रिया अशी आहे. दाराच्या खालच्या भागात संकटात प्रवाशांना उतरवायची घसरगुंडी घडी करून ठेवलेली असते आणि तिला एक दांडी असते, गर्ट बार. विमान निघण्याआधी ही दांडी उंबऱ्याला अडकवतात. मग दार आतून उघडलं की घसरगुंडी ओढली जाऊन आपोआप फुगते. मुक्कामी पोचल्यावर दांडी सोडवतात, की दार नुसतंच उघडतं. ‘सक्रिय करणे’ चालेल का?

प्रतिसाद:
ताई, ‘सक्रिय’ नको. मी बरीच वर्षं या कामात आहे. आर्म केल्यावर काहीच चालू होत नाही. बोइंग ७३७ विमानावर आम्ही वाकून हाताने दांडी उंबऱ्याच्या खाचांत बसवतो आणि दाराच्या खिडकीवर लाल पट्टा आडवा लावतो. एअरबस ए३२०वर तेच काम एका लिव्हरने होतं. मी ‘दार सज्ज करा’ म्हणेन.

आणि डिसआर्मला तितकाच नेमका शब्द शोधा. माझ्या उमेदवारीत एका सहकाऱ्याने पोचल्यावर घाईत दार सज्ज असतानाच हँडल वर केलं. काही सेकंदांत घसरगुंडी बाहेर. खाली कुणी उभं नव्हतं म्हणून निभावलं. तो आवाज अजून कानात आहे.

प्रतिसाद:
‘सज्ज’ला माझं मत. संस्कृत कोशकार तो ‘सज्य’पासून आल्याचं सांगतात, म्हणजे ‘ज्या’ (धनुष्याची दोरी) चढवलेला. बाण सुटलेला नाही, पण दोरी ओढायचाच अवकाश. तुमच्या दाराचं वर्णन याहून नेमकं होणार नाही. दोरी चढवतात तशी उतरवतातही, म्हणून डिसआर्मला ‘सज्जता उतरवणे’. ‘निकामी करणे’ टाळा. वर्तमानपत्रांत बॉम्ब निकामी करतात, तिथे ते शोभतं. दार निकामी म्हटलं तर ते बिघडलं असंच कुणीही समजेल.

क्रॉसचेकला ‘उलटतपासणी’ लिहू नका, ती शिवाजीनगरच्या कोर्टात. इथे समोरच्या दाराचा सहकारी आपलं दार बघतो, आपण त्याचं. ‘पडताळा’ म्हणा.

प्रतिसाद:
दांडीला ‘अडसर’ का नको? जुन्या वाड्यांच्या दारांना असायचा तो. छान शब्द आहे, आता फक्त ‘अडथळा’ या अर्थाने उरलाय.

मूळ प्रश्नकर्ती:
शब्द मलाही फार आवडतो, पण इथे तो घात करेल. अडसर दार बंद ठेवतो. ही दांडी दाराला अडवतच नाही, घसरगुंडीला उंबऱ्याशी बांधून ठेवते. सज्ज म्हणजे कुलूपबंद, हा गैरसमज आधीच मुलींच्या डोक्यात घट्ट बसलेला असतो. उंचीवर दार मिटलेलं राहतं ते आतल्या हवेच्या दाबाने. दर चौरस मीटरवर पाच टनांहून जास्त भार पडतो, तो माणसाच्या हाताने हलत नाही. म्हणून ‘उंबऱ्याची दांडी’च ठेवते.

‘घसरगुंडी’ बालिश वाटते, असं आमच्याकडे एकाने सुचवलं होतं. मी बदलणार नाही. निम्मीच दारं वापरून ९० सेकंदांत सगळं विमान रिकामं करता येतं, हे चाचणीत दाखवावं लागतं. त्या घाईत सारसबागेत खेळलेल्या पोरालाही कळेल असाच शब्द हवा.

काल वर्गात ‘दार सज्ज, समोरचं पडताळलं’ म्हणून घेतलं. पंढरपूरच्या मुलीने लगेच विचारलं, मग सज्ज दार उघडायला जास्त जोर लागतो का? नाही. ए३२०वर उलट दार ढकलायला दाबाखालच्या वायूची मदत मिळते. त्याच विमानात बाहेरून कुणी उघडलं, तर सज्जता आपोआप उतरते. तिने दोन्ही वाक्यं टिपणात मराठीतच लिहून घेतली.