मदत हवी आहे: समाजशास्त्राचा फॉर्म नावावर अडकलाय, लवकर सांगा

मांजराकाठ: तीन दिवस झाले, फॉर्म 'नाव जुळत नाही' म्हणायलाय. फोटो, सही सगळं बरोबर आहे. चारच दिवस राहिलेत. समाजशास्त्रच घ्यायचंय, दुसरं काही सुचवू नका. काय करावं?

गोदातीर: कुठला फॉर्म? बी.ए. की एम.ए.? रेग्युलर की मुक्त विद्यापीठाचा? कुठलं नाव कशाशी जुळेना? दवाखान्यात जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणल्यावर डॉक्टरनं काय करावं!

निवृत्तमास्तर: समाजशास्त्राला विचारतंय कोण? एम.एस.डब्ल्यू. करा, समाजकार्यातलं एम.ए. म्हणा की.

तेरणामाय: मास्तर, एम.एस.डब्ल्यू.ला आधी पदवी लागते. आणि 'सुचवू नका' हे वाचलं नाही का? मी चव्वेचाळिसाव्या वर्षी इग्नू या मुक्त विद्यापीठातून समाजशास्त्रात एम.ए. केलं. स्वाध्यायाला 30 टक्के, परीक्षेला 70. जूनला सुट्टी नाही मिळाली तर डिसेंबरला बसायचं. दुर्खिम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं 1897 साली आत्महत्येचा संबंध समाजाशी लावला, ते वाचताना आमच्या गल्लीतलं कुलूप लावलेलं घर डोळ्यापुढं आलं. त्या रात्री पुढं वाचवलं नाही.

निवृत्तमास्तर: दुर्खिम कशाला, आपले समाजशास्त्रज्ञ घुर्ये वाचा की. मालवणचे.

तेरणामाय: तेही वाचलेत. तुम्ही?

हिंगोलीकर: पुढं प्राध्यापक व्हायचं तर सेट परीक्षा असते, तिला एम.ए.ला 55 टक्के पाहिजेत, राखीवला 50. आतापासून ध्यानात ठेवा.

मांजराकाठ: सेट कुणाला द्यायचीय! अंगणवाडीत आहे, वरच्या मुख्यसेविकेच्या पदाला पदवी लागते. बी.ए., मुक्त. बारावी 2003. मार्कमेमोवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. सगळ्या बायकांचं असंच असतंय म्हणून लिहिलं नाही.

गोदातीर: अहो ताई, हेच तर पाहिजे होतं! मुक्तला आता डेब आयडी लागतो, म्हणजे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा नंबर. तो एबीसी आयडीवरून, म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रेयांक खात्याच्या नंबरावरून, निघतो, आणि एबीसीत नाव येतं आधारवरचं. तुम्ही मेमो बघून माहेरचं टाकलं असणार. आधारवरचं टाका, अक्षर न् अक्षर तसंच. पुढं मेमोसाठी नावबदलाचा पुरावा मागतील. राजपत्रात नाव छापून घ्या.

तेरणामाय: राजपत्र काय चार दिवसात येतंय? विवाह नोंदणीचा दाखला जोडा. अभ्यासकेंद्रात आधी विचारून घ्या, तोच चालतो का ते.

मांजराकाठ: आधारवरचं टाकलं, फॉर्म पुढं सरकला! पण लग्नाची नोंदणीच केली नाही. 2005 ची पत्रिका सासूबाईंच्या पेटीत आहे, कडेला हळद लागलेली. चालेल?

गोदातीर: हळदीचं काही नाही, तारीख वाचता आली पाहिजे. ग्रामसेवकाकडं जा. दोघांचे आधार, फोटो, तीन साक्षीदार आणि लग्न लावलेल्या भटजींची सही.

मांजराकाठ: भटजी तर वारले हो.

निवृत्तमास्तर: कुठले भटजी? औशाचे का?