चोर्ला घाटात काटा लालला टेकतो आणि हीटरमधून थंड हवा, काय असेल?

हुमणवाला
मंडळी जरा मदत करा. गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, ८८ हजार किमी झालेत. गेल्या रविवारी म्हापशातून बेळगावला निघालो, साखळीपर्यंत टेम्परेचरचा काटा नेहमीच्या जागेवर, केरी सोडून चढण लागली आणि पाचसहा वळणांत काटा वर वर सरकायला लागला. एसी बंद केला. मागे बसलेला मेव्हणा म्हणाला हीटर फुल लाव, इंजिनची गरमी आत खेचली जाते. लावला, तर आत थंडगार वारा! काटा लालच्या जवळ आणि हीटर थंड, हे गणितच कळेना. बाजूला घेऊन पाऊण तास थांबलो, पाऊस धो धो, कूलंटच्या बाटलीत बघितलं तर पाणी मिन-मॅक्सच्या बरोबर मधे. मग हळूहळू उतरून परत घरी. सपाटीला काही नाही, पर्वरीच्या ट्रॅफिकमधे पण तापत नाही. एक गॅरेजवाला म्हणतो थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकू, गोव्यात लागतोच कुठे. दुसरा म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलं, इंजिन खोलायला लागणार. चवथ तोंडावर आलीय, कुणाचं ऐकू?

साखळीचा_फिटर
दोघांचंही नको. काटा वर आणि हीटर थंड म्हणजे बहुतेक वेळा एकच गोष्ट, गरम पाणी हीटरपर्यंत पोचत नाहीये. एकतर पाणी कमी, नाहीतर आत हवा अडकलीय, नाहीतर पंप पाणी ढकलत नाही. थर्मोस्टॅट बंद अडकला असता तर बहुतेक गाड्यांत हीटर उलट चटके देतो आणि रेडिएटर थंड राहतो, कारण हीटरचं पाणी थर्मोस्टॅटच्या आधीच इंजिनातून वळतं. आणि तो काढून टाकायचं फॅड आपल्याकडे फार आहे, काढला की इंजिन नीट गरमच होत नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि मूळ दुखणं तिथंच.

बाटलीवर विश्वास ठेवू नको. तुझ्या गाडीत झाकण रेडिएटरवरच असेल तर ती बाटली नुसती ओव्हरफ्लोची. गरम झाल्यावर पाणी फुगून बाटलीत जातं, थंड झाल्यावर झाकणातला बारका व्हॉल्व्ह ते परत ओढून घेतो. झाकणाचं रबर कडक झालं की ओढणं बंद, मग बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा. सकाळी इंजिन थंड असताना झाकण काढून बघ. थंड असताना म्हणतोय हां, गरम इंजिनाचं झाकण मी एकदा घाईत फडका धरून उघडलं होतं, मनगटावरचा डाग अजून आहे.

हुमणवाला
आज सकाळी उघडलं. आत पाणी दिसेचना. घालत गेलो, दीड लिटर प्यायली! पण मग एवढं गेलं कुठं? गाडीखाली एक थेंब नाही, रोज बघतो.

निवृत्त_ड्रायव्हर
गॅस्केटची शंका फुकटात काढून टाका. ऑइलचं झाकण उघडा, आत दुधाच्या सायीसारखं काही चिकटलंय का. मग थंड इंजिनात रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू करा, पाण्यात बुडबुडे येतच राहिले तर गॅस्केट. सुरुवातीला थोडे येतील ती अडकलेली हवा, तेवढ्याने घाबरू नका. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो का तेही बघा, पावसात सकाळी थोडी वाफ सगळ्याच गाड्यांची निघते.

कोकम_सोडा
दादा, डाव्या सीटपुढचं कार्पेट ओलं आहे का? आणि पुढच्या काचेवर आतून धुरकट तेलकट थर, पुसला की फराटे उठतात, असं होतंय का?

हुमणवाला
@कोकम_सोडा तुम्ही माझ्या गाडीत बसला होतात काय?? दोन्ही आहे! महिनाभर बायकोशी भांडतोय की ओली छत्री तिथं ठेवू नकोस. आणि काचेचं म्हटलं पावसाळा आहे, घरात चपलांना बुरशी येते तिथं काचेला काय. गॅस्केटवाल्या टेस्ट केल्या, साय नाही, बुडबुडे दोन मिनिटांत थांबले.

कोकम_सोडा
मग हीटर कोर लीक आहे. तो डॅशबोर्डच्या आत बसलेला छोटा रेडिएटरच, त्यामुळे थेंब बाहेर पडत नाही, कार्पेटखालचा फोम पिऊन टाकतो. एसीचा ड्रेन तुंबला तरी तिथंच पाणी येतं, म्हणून पांढरा टिश्यू दाबून बघा. एसीचं पाणी स्वच्छ असतं, कूलंट रंगीत, बोटाला बुळबुळीत आणि वास गोड. आमची वैनी तीन आठवडे ड्रेन साफ करून घेत होती. वास घ्या, चाखू नका, ते विष आहे. सांडलेलं पण धुवून टाका, मांजरं चाटतात.

साखळीचा_फिटर
बरोबर धरलंत. मला छत्रीचं सुचलंच नसतं, पावसात सगळ्यांचंच कार्पेट ओलं. आता पाणी भरल्यावर हीटर लावून बॉनेटमधून आत जाणारे दोन पाइप जपून हाताने बघ. दोन्ही गरम आणि तरी हवा थंड तर आतली हवा वळवणारी फळी किंवा तिची केबल बिघडलीय. एक गरम एक थंड तर कोर चोक. दोन्ही थंड तर पाणी अजून पोचत नाहीये, हवा काढ.

कोर बदलायला बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवतात, मजुरीच जास्त. चवथीपुरतं ते दोन पाइप एकमेकांना जोडून कोर बाजूला काढता येतो. जोडायचे हां, नुसते बूच मारायचे नाहीत, काही गाड्यांत पाणी फिरायचा रस्ताच तो असतो. लीक बंद करायची पावडर घालू नको, ती रेडिएटरच्या बारीक नळ्यापण बुजवते. आणि विहिरीचं पाणी नको, क्षार बसतात, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं.

निवृत्त_ड्रायव्हर
कायमचं बायपास करून ठेवू नका एवढंच सांगतो. हीटर काय करायचा गोव्यात म्हणतात सगळे, पण चोर्ल्याच्या धुक्यात काच बंद झाली की एसीबरोबर थोडी गरम हवा लागते, ती किंमत मी रात्री साडेअकराला कळून घेतलीय.

हुमणवाला
टिश्यू हिरवा निघाला. पाइप जोडून घेतले, झाकण नवीन, हवा काढली, तीन दिवस पातळी हललेली नाही. कोर चवथीनंतर. शनिवारी परत चोर्ला चढून बघतो, तापली तर इथेच येऊन ओरडेन. फिटरभाऊ, कोकमताई, देव बरें करूं. बायकोला छत्रीबद्दल सॉरी म्हणून झालंय, पण ती कार्पेट वाळवायला मलाच लावणार आहे आणि या पावसात ते कसं वाळवायचं ते कुणी सांगेल काय?