न्यू रिव्हर आणि रद्द झालेला परवाना

धरणाला एकदा परवाना मिळाला की अमेरिकेतला १९६८चा 'वाइल्ड अँड सीनिक रिव्हर्स' कायदाही (निवडक नद्या धरणाविना वाहत्या ठेवणारा) काही करू शकत नाही, असं एकाने म्हटलंय. ते पटलं नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या न्यू रिव्हरचं उदाहरण बघा. एका वीज कंपनीला तिथे जलविद्युत प्रकल्पाचा केंद्रीय परवाना १९७४मध्ये मिळालासुद्धा होता. नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनियातली मिळून सुमारे ४०,००० एकर जमीन पाण्याखाली जाणार होती. त्यात पिढ्यान् पिढ्या कसलेली शेतं, घरं, सगळंच आलं. शेतकरी आणि राज्य सरकार एकत्र लढले आणि १९७६मध्ये नदीचा साडेसव्वीस मैलांचा पट्टा या कायद्याखाली आला. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, कायदा करून तो परवानाच निष्प्रभ केला.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या रालेला राहायचो तेव्हा याच पट्ट्यात कनू (वल्ह्याची हलकी, अरुंद होडी) घेऊन उतरलो होतो. पाणी संथ, मधेच गुडघाभर, मुलं खाली उतरून कनू ढकलत होती. दोन्ही काठांवर कुरणं, गुरं, ख्रिसमस ट्रीची लागवड. शेतं खाजगीच राहिली आहेत, कुणाला उठवलेलं नाही. म्हणून 'नदीचं संरक्षण म्हणजे काठची माणसं हाकलणं' ही अनेकांना वाटणारी भीतीही मला इथे लागू वाटत नाही. संरक्षित केलेल्या वाहत्या नदीवर धरण नको, एवढं मात्र हा कायदा ठामपणे सांगतो, आणि आपल्याकडच्या नद्यांसाठी नेमकी तीच तरतूद मला हवी आहे.