मदत हवी आहे: पिकअपची नवी बॅटरी दोन रात्रींत उतरते, आणि ब्रेक दाबला की इंडिकेटर पेटतो

नमस्कार मंडळी,
गाडी २०१४ ची डिझेल पिकअप, गेल्या वर्षी सेकंडहँड घेतलेली. कोल्हापूरच्या मार्केट यार्डातून गुळाचे रवे भरायचे आणि गगनबावड्यावरून कोकणात उतरवायचे, आठवड्याला तीन-चार फेऱ्या. रविवारी गाडी दारात उभी असते. सोमवारी पहाटे सेल्फ मारला की नुसतं टक-टक. गल्लीतल्या पोरांनी धक्का मारला तरच निघते. इतर दिवशी सेल्फ जड फिरतो, पण गाडी चालू होते.

दिवाळीत ७५ एएचची (अँपियर-तास) नवी बॅटरी घातली. पंधरा दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. आता एक गॅरेजवाले डायनॅमो बदला म्हणतात.

दुसरा त्रास मला जास्त भीतीचा वाटतो. मागचे दिवे मंद झालेत आणि ब्रेक दाबला की डावा इंडिकेटरही मिणमिणतो. घाटात धुकं उतरतं तेव्हा मागच्या गाडीला मी थांबतोय की वळतोय, हे कळणार कसं?

शेतातल्या मोटरीसाठी घेतलेला मल्टीमीटर घरात आहे. शनिवारी संध्याकाळी गाडी बंद करून तासाभरानं बॅटरी १२.६ व्होल्ट, सोमवारी पहाटे ११.९. इंजिन चालू असताना १४.२. डायनॅमो बदलू का?

जुना वायरमन:
डायनॅमोला आत्ता हात लावू नको भावा. चालू गाडीत १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दाखवतंय म्हणजे चार्जिंग होतंय. बंद गाडीत डायनॅमोतूनही करंट गळू शकतो, पण ते मोजून ठरवायचं, अंदाजानं नाही. रोज चालवलीस की निघते आणि एक दिवस जास्त उभी राहिली की मरते, म्हणजे किल्ली काढल्यावरही कुणीतरी बॅटरी पितंय.

आधी हे बघ. किल्ली काढ, दारं लाव, केबिनचा दिवा बंद. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडव. मीटर १० अँपियरवर ठेव, लाल वायर १० ए लिहिलेल्या भोकात घाल. एक टोक निगेटिव्ह पोस्टला, दुसरं सोडवलेल्या केबलला. अर्धा तास तसंच राहू दे, गाडीतलं इलेक्ट्रॉनिक्स झोपायला वेळ लागतो. मीटर मध्ये असताना किल्ली फिरवायची नाही, सेल्फ तर अजिबात मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. आकडा ५० मिलिअँपियरच्या, म्हणजे ०.०५ अँपियरच्या आत हवा. जास्त असला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या लाईनवर चोर.

दिव्यांचं दुखणं वेगळं आहे, दोन्ही एकत्र करू नको. ब्रेकला इंडिकेटर पेटतो म्हणजे मागची अर्थिंग गेलीय. करंटला परतीची वाट मिळत नाही, मग तो शेजारच्या बल्बातून वाट काढतो. दिवे चालू ठेवून बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टपासून दिव्याच्या होल्डरपर्यंत व्होल्ट मोज. ०.२ च्या वर गेलं की अर्थिंग खराब.

घाटवाट:
दोन प्रश्न. आधीच्या मालकानं जादा काही बसवलंय का, टेप, फॉग लॅम्प, प्रेशर हॉर्न? आणि हौद्याचं काही काम झालंय का अलीकडे?

धागाकर्ता:
दादा, मोजलं. अर्ध्या तासानंतरही १.४ अँपियर! शनिवार संध्याकाळ ते सोमवार पहाट ३६ तास धरले तर ५० एएच गेले की. सगळे फ्यूज काढून बघितले, आकडा हलला नाही. म्हणजे डायनॅमोच ना?

हौद्याचं वेल्डिंग आणि रंगकाम श्रावणात केलं. होल्डरवर १.९ व्होल्ट आले, पण चेसिसवर ०.०५ च.

जुना वायरमन:
फ्यूज काढून फरक नाही, म्हणजे करंट फ्यूज बॉक्सला वळसा घालून जातोय. डायनॅमोची जाड वायर त्यातलीच, पण आधी बॅटरीच्या प्लसवर कंपनीच्या केबलशिवाय आणखी एखादं लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) आहे का बघ. असेल तर मीटर लावलेला असताना ते सोडव. तरीही आकडा पडला नाही, तरच निगेटिव्ह पूर्ण काढून ठेवून डायनॅमोची ती जाड वायर (बी-प्लस) सोडव, तिचं टोक चिकटपट्टीनं गुंडाळ आणि परत मोज.

दिव्यांचं उत्तर तूच दिलंस. चेसिसपर्यंत अर्थिंग चोख आहे, पुढे हौद्याकडे जाताना तुटतेय. अर्थिंगचा बोल्ट नव्या रंगावरच आवळला असणार. पत्रा चकचकीत होईपर्यंत घास, नवं लग वायरीवर दाबून घट्ट (क्रिंप) कर, दातेरी वॉशर घालून आवळ आणि वरून ग्रीस फास. आणि पुढच्या वेळी वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही केबली सोडवायच्या, नाहीतर डायनॅमोचे डायोड जातात.

धागाकर्ता:
सापडलं! प्लसच्या लगखाली एक लाल वायर होती, ती थेट सीटखाली जात होती. तिथे आधीच्या मालकाचा टेपचा अ‍ॅम्प्लिफायर. टेप बंद, तरी तो हाताला कोमट लागला. त्याची रिमोटची बारीक वायर, म्हणजे त्याला चालू-बंदचा इशारा देणारी, टेपला न जोडता त्याच लाल वायरीला पिळून ठेवली होती, म्हणून तो चोवीस तास जागा. लाल वायर सोडवल्याबरोबर मीटर ०.०३ वर आला. डायनॅमोला हात लावावाच लागला नाही.

मागचा बोल्ट खरंच रंगावर होता. घासून बसवला, होल्डरवर आता ०.०८ व्होल्ट, आणि ब्रेकला फक्त ब्रेकलाईट पेटते. रात्री गल्लीत गाडी उभी करून बायकोला ब्रेक दाबायला सांगितला आणि मी लांब जाऊन बघून आलो. लांबून स्वच्छ लाल दिसतं. दोघांचे मनापासून आभार.

एकच शंका राहिली. भाऊ म्हणतो टेप हवाच, गणपतीत लागतो. त्या लाल वायरीत फ्यूज कुठेच नव्हता. वायर २.५ चौरस मिमीची आहे.

जुना वायरमन:
बिनफ्यूजची वायर पत्र्याला घासून उघडी पडली तर केबिन पेटते, तुझं नशीब चांगलं. फ्यूज होल्डर बॅटरीपासून वीतभर अंतरातच बसव, सीटजवळ नाही, कारण बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या वायरीला संरक्षण नसतंच. त्या जाडीला २० अँपियरच्या वर जाऊ नको. अ‍ॅम्प त्याहून जास्त ओढत असेल तर वायर जाड घे, फ्यूज मोठा करू नको. रिमोटची वायर टेपच्या निळ्या-पांढऱ्या वायरीला जोड, टेप बंद की अ‍ॅम्प बंद. आणि पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) घाल.